दोन्हीकडून मलिदा? अमॉयच्या 'ब्रिटिश' चिनी लोकांचा हिशोब

वखारवाला

परवा वसाहतींतल्या चिनी व्यापाऱ्यांवरच्या धाग्यात तिरपा यांनी एक पिंक टाकली : "सिंगापूर-पिनांगचे चिनी पक्के हुशार. गावी गेले की चिनी, अडकले की ब्रिटिश. दोन्हीकडून मलिदा. दुहेरी नागरिकत्व म्हणजे दुहेरी कवच, आपल्याला मात्र ते मिळू दिलं नाही." खाली '+१' चा पाऊस. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मलिदा खाणारे होते, नाही असं नाही. पण कवच? जिथे कवच लागायचं नेमकं तिथेच ते गळून पडायचं. कायद्याने सिंगापुरात जन्मलेलं मूल, बाप दक्षिण चीनमधल्या फुकिएन प्रांताचा असो की कुठलाही, ब्रिटिश प्रजाजन. इंग्रजी कोर्टांचा हा नियम १६०८ पासूनचा. दुसऱ्या बाजूला चीनच्या तेव्हाच्या चिंग दरबाराकडे २८ मार्च १९०९ पर्यंत राष्ट्रीयत्वाचा लिखित कायदाच नव्हता, पण बाप चिनी तर मुलगा चिनी याबद्दल तिथल्या एकाही मॅजिस्ट्रेटला शंका नव्हती. म्हणजे एकाच माणसावर दोन दावे. आता हा माणूस बापाच्या गावी, अमॉय या फुकिएनच्या बंदरामागच्या (आजचं शियामेन) तोंगआन किंवा हायचेंगकडे गेला. काय होतं?

१८५१ सालचं चेन छिंगझेनचं प्रकरण घ्या. जन्म सिंगापूरचा, अमॉयमध्ये जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश पेढीवर नोकरीला. गुप्त मंडळीत असल्याच्या आरोपावरून चिनी अधिकाऱ्यांनी उचलला. ब्रिटिश कॉन्सुलने (वाणिज्य दूताने) आपला प्रजाजन म्हणून मागितला. माणूस जिवंत परत आला नाही, कोठडीतल्या यातनांनी मेला. अफूचं युद्ध जिंकून, बंदर उघडून दशकही उलटलं नव्हतं आणि किनाऱ्यावर ब्रिटिश जहाजं होती, तेव्हाची ही गोष्ट.

पुढे १८६८ मध्ये पेकिंगमधले ब्रिटिश राजदूत सर रदरफर्ड अल्कॉक यांनी फर्मान काढलं : चिनी वंशाच्या ब्रिटिश प्रजाजनाला चीनमध्ये संरक्षण हवं असेल तर त्याने चिनी पोशाख टाकावा, चटकन वेगळा ओळखू येईल असा दुसरा घालावा. गावी सुतकाला आलेल्या माणसाने कोट-पाटलोण घालून पितरांपुढे उदबत्ती लावायची, नाहीतर कॉन्सुल हात वर करणार. वर दर जानेवारीत कॉन्सुलेटमध्ये जाऊन नाव नोंदवायचं. नोंद चुकली तर ब्रिटिश म्हणून ओळख मागण्याचा हक्कच धोक्यात, शिवाय दंड.

आणि ज्यांनी जन्माने नव्हे, अर्ज करून ब्रिटिशपण घेतलं त्यांची गत आणखी वाईट. सामुद्रधुनी वसाहती (सिंगापूर, पिनांग, मलाक्का) १ एप्रिल १८६७ पर्यंत कलकत्त्याच्या ताब्यात, त्यामुळे तिथे चालायचा तो हिंदुस्थानचा १८५२ चा ३० वा कायदा. त्याचं प्रमाणपत्र वसाहतीच्या हद्दीबाहेर जवळपास रद्दी. ब्रिटनच्या १८७० च्या कायद्यात तर सरळ लिहिलंय की मूळ देशाच्या हद्दीत असताना, त्या देशाने सोडलेलं नसेल तर हा माणूस ब्रिटिश धरायचा नाही.

तेव्हा तिरपाशेठ, कवच कुठलं ते दाखवा.

तिरपा

पिंक म्हणालात, आभारी आहे. आता पिंकदाणी पुढे करतो.

तुम्ही सांगता ते सगळे नियम. नियम का करावा लागतो? लोक फायदा उपटत असतात म्हणून. अल्कॉकला कपड्यांचा नियम काढावा लागला कारण अमॉयमध्ये कोण कुठला ते कळेनासं झालं होतं आणि जो तो खिशातून सिंगापूरचा कागद काढत होता. त्या काळी कागदावर फोटो नसायचा. भावाचा कागद भावाने, मेलेल्याचा पुतण्याने वापरला तर कॉन्सुल काय कपाळ ओळखणार?

आणि खरा पैसा कुठे होता ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. १८५८ च्या तिएनत्सिन तहानंतर परदेशी व्यापाऱ्याने अडीच टक्के एकरकमी भरले की मालाला ट्रान्झिट पास मिळायचा. मग आतल्या नाक्या-नाक्यावरचा लिकिन कर माफ. चिनी व्यापारी प्रत्येक नाक्यावर भरत बसणार, शेजारचा 'ब्रिटिश' चिनी एक पास दाखवून पुढे. म्हणून दुकानावर परदेशी पेढीची पाटी, आत अख्खं कुटुंब चिनी. आणि खटला झाला तर चिनी यामेनमध्ये (मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत) नाही, ब्रिटिश कॉन्सुलसमोर. गुडघे टेकायचे नाहीत, बांबूचे फटके नाहीत. याला कवच म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

एक चेन मेला हे वाईटच. पण एका प्रेतावर सिद्धांत उभा करू नका.

वखारवाला

पास हे व्यापाराचं साधन. मी बोलतोय माणसाच्या संरक्षणाबद्दल. आणि पासवाल्यांचंही पुढचं ऐका. त्याच माणसाने गावात बापजाद्यांच्या नावाने शेत घेतलेलं असायचं. चीनच्या आतल्या भागात परदेशी माणसाला जमीन घेता येत नव्हती, म्हणजे शेत घेताना हा चिनी. भाऊबंदकी झाली, बांध फोडला, की हा धावत अमॉयला कॉन्सुलकडे. कॉन्सुलचं उत्तर ठरलेलं : जमीन चिनी म्हणून घेतलीस, तंटा चिनी म्हणून यामेनमध्ये सोडव. आणि यामेनमध्ये मॅजिस्ट्रेटला आधीच माहीत की हा मघाशी परक्यांकडे जाऊन आलाय. मलिदा राहिला बाजूला.

कोर्टकचेरी

दोघेही ब्रिटिशांत अडकलात. तिरपा यांना खरं उदाहरण हवं असेल तर तैवान घ्या, फुकट देतो.

१८९५ च्या शिमोनोसेकी तहाने चीनने तैवान जपानला दिलं. त्याचं पाचवं कलम : तैवानच्या रहिवाशांना दोन वर्षांची मुदत, ८ मे १८९७ पर्यंत. जायचं तर मालमत्ता विकून जा, राहिलात तर जपानी प्रजाजन धरले जाल. निर्णय कागदावर नाही, पायांनी. राहिला तो जपानी. मग हाच तैवानी जपानी प्रवासपत्र घेऊन समोरच्या अमॉयला उतरला की जपानी कॉन्सुलच्या अधिकाराखाली. अफूचे अड्डे, जुगाराचे अड्डे यांतल्या कितीतरी जागांवर तैवान-नोंदणीची पाटी, कारण चिनी पोलीस आत शिरू शकत नव्हते. ज्यांनी तैवान बघितलंही नाही त्यांनी नोंदणी विकत घेतली.

फरक लक्षात घ्या. ब्रिटिश कॉन्सुलला हे लोक डोकेदुखी वाटत, म्हणून तो गाळणी लावायचा. जपानला फुकिएनमध्ये पाय रोवायचे होते, म्हणून जपानने गाळणी सैल ठेवली. कायदा दोन्हीकडे जवळपास सारखाच, गरज वेगळी.

तिरपा

म्हणजे कवच होतं. वखारवाला, ऐकताय ना?

वखारवाला

तैवानवाल्यांपुरतं मान्य. पेढे वाटा. पण ते जपानचं हत्यार होते, हत्याराला कवच म्हणायचं असेल तर म्हणा.

मांडवीकाठ

तुमचं अमॉय-बिमॉय चालू द्या, पण दुहेरी नागरिकत्वाची चर्चा आणि गोव्याचं नाव नाही? १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी पोर्तुगीजच. त्याची मुलं-नातवंडंही हक्क सांगू शकतात. लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद चढवायची, लग्न झालं असेल तर तेही चढवायचं, मग ओळखपत्र, मग पासपोर्ट. आणि इथे आमच्या लोकांना गुन्हेगार ठरवतात. हेच तुमच्या चिनी लोकांचं दुखणं, नाही का?

वखारवाला

नाही. धागा चिनी वंशाच्या वसाहती प्रजेचा आहे. गोव्यासाठी नवा काढा.

कोर्टकचेरी

वखारवाला, एवढे तापू नका, संबंध आहे. मकावही पोर्तुगीज. १९८१ च्या २० नोव्हेंबरपूर्वी मकावमध्ये जन्मलेल्या चिनी माणसाला पोर्तुगालने पूर्ण नागरिकत्व दिलं, लिस्बनला राहायच्या हक्कासकट. ब्रिटनने हाँगकाँगवाल्यांना काय दिलं? १९८१ च्या कायद्याने 'अवलंबी प्रदेशाचे नागरिक' आणि पुढे बीएनओ (ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज). पासपोर्ट ब्रिटिश, ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नाही. पण मुद्दा असा की चीनने दोघांना एकाच मापाने मोजलं. १९८४ चं हाँगकाँगचं निवेदन आणि १९८७ चं मकावचं निवेदन जवळजवळ एकाच साच्यातलं : हे लोक चिनी नागरिक आहेत, तो पासपोर्ट प्रवासाला वापरा हवं तर, पण चीनच्या हद्दीत त्याच्या जोरावर कॉन्सुलचं संरक्षण मिळणार नाही.

मांडवीकाठ

बघा, म्हणजे मकाववाल्यांना प्रवासाला तरी वापरू दिला. गोव्यात तोही नाही. लिस्बनमध्ये आजोबांची नोंद चढवली म्हणून माणूस लगेच परदेशी कसा? नागरिकत्व तर त्याला जन्मापासून आहे असं पोर्तुगालच म्हणतं. मग त्याने ते 'स्वेच्छेने' मिळवलं हे कसं?

कोर्टकचेरी

आपला १९५५ चा कायदा, कलम ९ : स्वेच्छेने परकं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपलं. आणि नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात परदेशी पासपोर्ट काढणं हाच स्वेच्छेचा निर्णायक पुरावा धरलाय. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ते उचलून धरलं. तेव्हा पासपोर्ट घेतला असेल तर वाद संपला. नुसती जन्मनोंद असेल तर वादाला जागा आहे, पण तो निर्णय कलम ९(२) खाली केंद्र सरकारने द्यायचा, पंचायतीच्या निवडणुकीत हरून तक्रार करणाऱ्या उमेदवाराने नाही.

मांडवीकाठ

आणि भारतीय पासपोर्ट परत करायला गेलेल्यांचं काय? २०२२ नंतर 'माहिती दडवली' म्हणून पासपोर्ट कायद्याच्या १०(३)(ब) खाली पासपोर्ट रद्दच करायला लागले. रद्द झाला म्हणजे समर्पण प्रमाणपत्र नाही, ते नाही तर ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड) नाही. आपल्याच घरी व्हिसावर. २०२४ मध्ये समर्पण प्रमाणपत्राऐवजी रद्दीकरणाचा आदेश चालेल असं ठरलं, तोवर मधल्या लोकांनी काय हाल काढले ते विचारा.

कोर्टकचेरी

हाल मान्य. पण त्यांतल्या अनेकांनी पोर्तुगीज कागद मिळाल्यावरही भारतीय पासपोर्टवर प्रवास चालू ठेवला, हेही मान्य करा.

मांडवीकाठ

कारण घर, बँक, जमीन सगळं त्याच नावावर! लिस्बनच्या नोंदीत आडनावाचं एक अक्षर वेगळं निघालं की पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा भाषांतर, पुन्हा शिक्का. मुंबईत बसून शहाणपण सांगणं सोपं असतं.

कोर्टकचेरी

मी कुठे बसतो ते तुम्हाला माहीत नाही. मुद्द्यावर बोला.

वखारवाला

झालं? गोव्याने धागा गिळला. मी वर तेच म्हटलं होतं.

शाईपुसणी

इतके प्रतिसाद झाले आणि जावाचं नाव नाही. मुळात चीनचा १९०९ चा कायदा आला कशामुळे? सिंगापूरमुळे नाही, डच ईस्ट इंडीजमुळे (आजचा इंडोनेशिया). डच तिथे जन्मलेल्या चिनी लोकांना आपले प्रजाजन ठरवणार अशी कुणकुण लागली, जावातल्या चिनी मंडळींनी पेकिंगला साकडं घातलं, आणि चिंग सरकारने घाईने कायदा केला : बाप चिनी तर मूल चिनी, जन्म जगात कुठेही होवो, आणि परवानगीशिवाय सोडता येणार नाही. डचांनी १० फेब्रुवारी १९१० ला उलट कायदा केला : आई-बाप इंडीजमध्ये स्थायिक आणि जन्म तिथला, तर डच प्रजाजन. एका वर्षाच्या आत एकाच बाळावर दोन लिखित कायदे.

आणि हे 'डच प्रजाजन' म्हणजे डच नागरिक नव्हेत. वर्गवारी 'परके पौर्वात्य' हीच राहिली. ठराविक वस्तीतच राहायचं, दुसऱ्या गावी जायला पास काढायचा, हे निर्बंध हळूहळू सैल होत जायला पुढची काही वर्षं गेली. त्याआधी १८९९ मध्ये जपानी लोकांना मात्र युरोपियनांच्या बरोबरीचा दर्जा देऊन टाकला होता. का? त्यांच्यामागे बलवान सरकार होतं. जावाच्या चिनी माणसाला ही गोष्ट जेवढी झोंबली तेवढी दुसरी कुठली झोंबली नसेल. त्याला पेकिंगचा कॉन्सुल हवा होता तो याच्यासाठी, मलिद्यासाठी नाही.

कॉन्सुल मिळाला, पण कसा? ८ मे १९११ च्या करारात डचांनी पत्रव्यवहारातून कबूल करून घेतलं की डच वसाहतींत कोण डच प्रजाजन हे डच कायदा ठरवेल. म्हणजे बटाव्हियात (आजचं जकार्ता) चिनी कॉन्सुल आला, पण तिथे जन्मलेल्यांच्या बाबतीत त्याला तोंड उघडायची सोय नाही. त्यांना चिनी व्हायचंच असेल तर चीनला जाऊन व्हा.

तिरपा

हे मात्र चांगलं लिहिलंत. आणि यातून माझाच मुद्दा निघतो : मागे सरकार बलवान असेल तर कवच आहे. चीन दुबळा होता म्हणून चिनी राष्ट्रीयत्व निकामी, ब्रिटन बलवान म्हणून ब्रिटिश कामाचं.

शाईपुसणी

मग चीन बलवान झाल्यावर काय झालं ते पण घ्या. २२ एप्रिल १९५५, बांडुंग. चीनचे चाऊ एन-लाय आणि इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री सुनारिओ यांनी दुहेरी राष्ट्रीयत्वाच्या करारावर सह्या केल्या. चीनने स्वतःहून दावा सोडायची तयारी दाखवली. आणि त्यात इंडोनेशियातला सामान्य चिनी भरडला गेला. का ते सांगतो, कारण बारकाव्यातच मेख आहे.

१९४९ ते १९५१ च्या मुदतीत नियम उलटा होता : स्थानिक जन्माच्या माणसाने काहीच केलं नाही तर तो इंडोनेशियन. दोन वर्षं गप्प बसून लाखो लोक नागरिक झाले. १९५५ च्या कराराने त्यांनाच परत रांगेत उभं केलं : आता कचेरीत जाऊन चिनी राष्ट्रीयत्व सोडतो असं जाहीर करा, नाही केलं तर वंशाने बाप चिनी म्हणून तुम्ही चिनी. पुरावा काय? जन्मदाखला. जावात चिनी लोकांची नागरी जन्मनोंद सुरू झाली १९१९ मध्ये. त्याआधी जन्मलेल्याने दाखला आणायचा कुठून? साक्षीदार जमवा, कोर्टाचं पत्र आणा, आई-बापांचा जन्मही इथलाच हे दाखवा. खेड्यातल्या दुकानदाराला हे जमायचं कसं? कराराची मुदत सुरू व्हायला २० जानेवारी १९६० उजाडलं. आणि त्याच महिन्याच्या १ तारखेपासून ग्रामीण भागात परकीयांना किरकोळ दुकान चालवायला बंदी! म्हणजे कागद होईपर्यंत दुकान गेलं. चिनी दूतावासाने निषेध केला, जहाजं पाठवली, लोकांना घेऊन गेला. संरक्षण म्हणजे बोटीचं तिकीट. १९६९ मध्ये इंडोनेशियाने करारच एकतर्फी मोडला.

तिरपा

जहाज पाठवलं हे काही कमी नाही. ब्रिटनने हाँगकाँगवाल्यांसाठी एवढंही केलं नाही, १९९० मध्ये मोजून ५० हजार कुटुंबप्रमुखांना नागरिकत्व देऊ केलं.

आडवा_प्रश्न

आणि आपण? १९६२ मध्ये कलकत्ता, आसाम, दार्जिलिंगकडचे चिनी वंशाचे लोक उचलून राजस्थानात देवलीच्या छावणीत टाकले. त्यात इथे जन्मलेली मुलं होती. तेव्हा राष्ट्रीयत्व कुणी बघितलं? रक्त बघितलं. चीनने खलिते पाठवले, १९६३ मध्ये मद्रासला जहाजं पाठवली. ज्यांचा जन्म इथला, चीन कधी पाहिला नाही, त्यांनी त्या जहाजात चढायचं की छावणीत राहायचं? दुसऱ्यांची धुणी धुताना हे पण भिजवा.

वखारवाला

रास्त. आणि हे माझ्याच बाजूचं आहे. इथे चिनी सरकारचा पाठिंबा ओझं झाला.

कोर्टकचेरी

प्रत्येकजण 'माझ्याच बाजूचं' म्हणतोय, म्हणून आजच्या व्यवहारात काय होतं ते लिहितो.

सगळ्याचा पाया १९३० च्या हेग करारातलं कलम ४ : माणूस ज्या राज्याचाही नागरिक आहे, त्या राज्याविरुद्ध दुसरं राज्य त्याला राजनैतिक संरक्षण देऊ शकत नाही. चीनने १९३५ मध्ये या करारावर शिक्का मारला, पण कलम ४ पुरता राखून! परदेशातल्या चिनी लोकांसाठी बोलायचा हक्क तेव्हा त्यांना सोडायचा नव्हता. आज त्याच कलमाचं तत्त्व तेच चीन सर्वांत घट्ट धरून आहे. १९८० च्या चिनी कायद्याचं कलम ३ दुहेरी राष्ट्रीयत्व मानतच नाही.

म्हणून आज प्रश्न एकच : तुम्ही कुठल्या कागदावर आत शिरलात? ऑस्ट्रेलियाचा चीनशी १९९९ चा कॉन्सुलर करार आहे. ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर वैध चिनी व्हिसा घेऊन गेलात तर तुम्ही ऑस्ट्रेलियन धरले जाता. हाँगकाँगचा बीएनओवाला मुख्य भूमीवर जातो तो चीनने दिलेल्या 'घरवापसी' कार्डावर. ते कार्ड दाखवलं त्या क्षणी तो चिनी, ब्रिटिश कॉन्सुलला भेट नाकारली तर तक्रारीला कागद नाही. ब्रिटिश नागरिकत्व खरोखर असेल आणि संरक्षण हवं असेल तर हाँगकाँगच्या इमिग्रेशन खात्यात राष्ट्रीयत्व बदलाची घोषणा करावी लागते. मंजूर झाली की हाँगकाँगचा एसएआर पासपोर्ट आणि ते कार्ड दोन्ही गेलं. आणि बीएनओ दाखवून ही घोषणा होत नाही. १९९० च्या ५० हजारांच्या योजनेतलं नागरिकत्वसुद्धा चीन मानत नाही. बहुतेक जण कार्ड सोडायला तयार नसतात, कारण म्हातारे आई-बाप आणि धंदा पलीकडे शेनझेनला.

तिरपा

आणि घोषणा केली की सुरक्षित, असंच ना?

कोर्टकचेरी

नाही. हाँगकाँगचे पुस्तकविक्रेते ग्वी मिनहाय स्वीडिश नागरिक. २०१५ मध्ये थायलंडमधून गायब होऊन चीनमध्ये सापडले. २०२० मध्ये निंगबोच्या न्यायालयाने १० वर्षं ठोठावली आणि त्यांनी २०१८ मध्येच चिनी राष्ट्रीयत्व परत मागितल्याचं सांगितलं. तिथलेच दुसरे पुस्तकविक्रेते ली बो यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता, २०१६ च्या जानेवारीत चीनचे परराष्ट्रमंत्री म्हणाले, ते सर्वप्रथम चिनी नागरिक आहेत.

तिरपा

बरं. घरच्या सरकारपुढे कवच नाही, हे तुमचं घ्या. पण 'कवच नव्हतंच' हे वखारवाला यांचं वाक्य मी घेणार नाही. युजीन चेन त्रिनिदादमध्ये जन्मलेले, कायद्याने ब्रिटिश प्रजाजन. १९२७ मध्ये चीनमधल्या राष्ट्रवादी सरकारचे परराष्ट्रमंत्री म्हणून ब्रिटनकडून हांकाउची वसाहत परत घेणाऱ्या करारावर त्यांची सही आहे. वू तिंगफांग सामुद्रधुनी वसाहतीचे, लंडनला बॅरिस्टर, हाँगकाँगच्या कायदेमंडळात पहिले चिनी सदस्य, १८९७ मध्ये वॉशिंग्टनला चिंग दरबाराचे राजदूत. असल्या लोकांना दोन्ही बाजू वापरता आल्याच ना?

वखारवाला

बॅरिस्टरांना सगळीकडे सगळंच वापरता येतं. मी हायचेंगच्या शेतावर बांध फुटलेल्या माणसाबद्दल लिहिलं होतं. त्याच्यावर तुमचं एक वाक्य आलेलं नाही.

मांडवीकाठ

गोव्याचा नवा धागा काढलाय. कोर्टकचेरी यांनी तिथे कलम ९(२) वर यावं, हिंमत असेल तर.